इराक युद्ध खरंच तेलासाठी झालं का? पुराव्यानिशी बोलूया

रानवारा
मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनचं सैन्य इराकमध्ये घुसलं तेव्हापासून एकच वाक्य ऐकत आलोय, अमेरिकेला तेल हवं होतं, बाकी सगळं नाटक. दुसऱ्या बाजूला अजूनही काही मंडळी आहेत जी म्हणतात तेलाचा काडीचा संबंध नव्हता, सद्दाम हुकूमशहा होता, त्याला घालवायचं होतं, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही, आणि दोन्हीकडचे लोक पुरावा मागितला की आवाज चढवतात.

माझा मुद्दा असा. नुसतं तेल हवं असतं तर युद्धाची गरजच नव्हती. ऑगस्ट १९९० पासून इराकवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते आणि सद्दाम तेल विकायला एका पायावर तयार होता. १९९६ पासून 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतून इराकी तेल बाहेर येतच होतं आणि त्यातलं बरंचसं अमेरिकेच्याच रिफायनऱ्यांत जात होतं. निर्बंध उठवले असते तर एक गोळी न झाडता तेल मिळालं असतं.

पण मग हेही विचारायला पाहिजे की त्या काळात हुकूमशहा काय एकटा सद्दाम होता? त्याच्याकडे जगातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक होता, त्या पैशातून त्याने एकदा दहा लाखांच्या आसपास फौज उभी केली होती, आणि शेजारी कुवेत, सौदी, इराण. म्हणून मला वाटतं, तेल नसतं तर हे युद्ध झालंच नसतं, पण तेल पळवायला ते झालं नाही. त्या भागातल्या तेलावर शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न होता.

ज्यांनी यावर वाचलंय, तिकडे काम केलंय, त्यांनी जरूर लिहा.

डिझेलइंजिन
तेल, तेल आणि तेल. धागा बंद करा आता.

शुभांगी_म
डिझेलइंजिन, आयडीला जागलात अगदी :)

रानवारा, पुरावा मागताय ना, मग एप्रिल २००३ मधलं बगदाद आठवा. ९ तारखेला शहर पडलं. त्यानंतरच्या दोनतीन दिवसांत इराकचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं, उरुकचा पाच हजार वर्षं जुना दगडी कलश तळापासून तोडून नेला, राष्ट्रीय ग्रंथालय पेटलं, हॉस्पिटलं लुटली, एकामागून एक मंत्रालयं जाळली. त्याच शहरात तेल मंत्रालयाभोवती मात्र अमेरिकन रणगाडे आणि सैनिक उभे होते. कलश नंतर परत मिळाला, पण कितीतरी वस्तू मिळाल्या नाहीत. सैन्य कमी होतं हे कारण मला मान्य आहे, पण कमी असलेलं सैन्य तुम्ही कुठे उभं करता यावरूनच तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं ना? मला त्या दिवसांचा अजूनही राग आहे. माणसाने पहिल्यांदा लिहायला जिथे सुरुवात केली तिथली ही दशा.

मंदार_क
खरं कारण डॉलर आहे. नोव्हेंबर २००० मध्ये सद्दामने तेलाचे पैसे युरोत घ्यायला सुरुवात केली. बाकीच्या देशांनी तेच केलं असतं तर डॉलरची सद्दी संपली असती. म्हणून त्याला उडवला. याबद्दल कोणी बोलत नाही.

गणिती
मंदार, याबद्दल सगळेच बोलतात, हिशोब कोणी करत नाही. इराकची निर्यात दिवसाला साधारण वीस लाख बॅरलच्या आसपास, जगाची गरज तेव्हा पावणेआठ कोटी बॅरल. त्यातून इराकचा पैसा सद्दामच्या हातात जातच नव्हता, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या खात्यात जायचा आणि त्यातून अन्न, औषधं, नुकसानभरपाई वगैरे खर्च व्हायचा. तो डॉलरमध्ये आहे का युरोमध्ये याने जागतिक बाजाराला धक्का बसणं शक्य नव्हतं. पुढे इराणनेही डॉलर सोडून बाकीच्या चलनात तेल विकायला सुरुवात केली, त्यावरून युद्ध झालं नाही. सद्दामने खोडी काढली एवढंच म्हणता येईल.

आता मूळ धाग्याकडे. लूट झाली असं म्हणणाऱ्यांनी २००९ चे तेलक्षेत्रांचे लिलाव बघावेत. जून २००९ मध्ये बगदादमध्ये टीव्हीवर सगळ्यांसमोर बोली लागली. रुमैला हे सगळ्यात मोठं क्षेत्र. एक्सॉनने उत्पादन वाढवून काढलेल्या प्रत्येक बॅरलमागे मोबदला म्हणून ४.८० डॉलर मागितले, बीपी आणि चीनच्या सीएनपीसीने मिळून ३.९९ मागितले. सरकार म्हणालं २ डॉलर देतो, पटत असेल तर या. एक्सॉन उठून गेली, बीपी आणि चिनी तयार झाले. तेव्हा तेलाचा भाव ७० च्या आसपास होता. म्हणजे खर्च भरून मिळतो आणि वर दोन डॉलर, बाकी सगळं इराकच्या तिजोरीत. वेस्ट कुर्ना-२ रशियाच्या लुकऑइलकडे, हल्फाया चिन्यांकडे, मजनून शेल आणि मलेशियाच्या पेट्रोनासकडे. अमेरिकन कंपन्या किती? एक्सॉन नंतर वेस्ट कुर्ना-१ साठी आली आणि झुबैरमध्ये ऑक्सिडेंटल होती. साडेचार हजारांच्या आसपास सैनिक गमावून आणि लाखाहून जास्त इराकी माणसं मरून हाती लागलं ते हे. याला लूट म्हणायचं असेल तर इतिहासातली सगळ्यात तोट्यातली लूट म्हणा.

बोरूबहाद्दर
गणिती, तुमचे आकडे बरोबर, निष्कर्ष साफ चुकीचा. चोराला तिजोरी फोडता आली नाही म्हणून तो चोरीला आलाच नव्हता असं म्हणताय तुम्ही.

२००९ मध्ये इराकला एवढी ताठ मान ठेवता आली ती कशामुळे, ते सांगायचं राहिलं तुमच्याकडून. फेब्रुवारी २००७ मध्ये इराकी मंत्रिमंडळाने तेल कायद्याचा मसुदा मंजूर केला. परदेशी कंपन्यांना दीर्घ मुदतीचे, नफ्यात वाटा देणारे करार करायला त्यात वाव होता. तो संसदेत मंजूर करून घ्या म्हणून अमेरिकेचा किती दबाव होता ते त्या वेळच्या बातम्यांत रोज यायचं, बुश सरकारने इराकला जी उद्दिष्टं घालून दिली होती त्यात हा कायदा होता. आणि तो अडला कोणामुळे? बसऱ्याच्या तेल कामगारांच्या युनियनने रान उठवलं, जून २००७ मध्ये संप केला, संसदेत विरोध झाला. १९७२ मध्ये परदेशी मालकीच्या इराक पेट्रोलियम कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं ते तिथल्या लोकांच्या मनात पक्कं आहे, सद्दामला शिव्या घालणारा माणूससुद्धा त्याबद्दल अभिमानाने बोलतो. म्हणून दोन डॉलरचा करार झाला. ते श्रेय इराकी कामगारांचं आहे, वॉशिंग्टनच्या साधेपणाचं नाही.

आणखी एक. २००१ च्या सुरुवातीला, म्हणजे ११ सप्टेंबरच्या आधी, उपराष्ट्राध्यक्ष चेनींच्या ऊर्जा समितीकडे इराकच्या तेलक्षेत्रांचा नकाशा होता आणि त्या क्षेत्रांत कुठल्या देशांच्या कंपन्यांना रस आहे याची यादी होती. कोर्टात भांडून ती कागदपत्रं २००३ मध्ये बाहेर काढावी लागली. चेनी त्याआधी तेलक्षेत्रांची कामं करणाऱ्या हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख होते आणि युद्ध सुरू झाल्यावर तेलक्षेत्रं दुरुस्त करायचं कंत्राट स्पर्धेशिवाय हॅलिबर्टनच्याच उपकंपनीला मिळालं. तेल नाही तर पैसा तरी गेलाच की घरात.

रानवारा
बोरूबहाद्दर, २००७ च्या कायद्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, धन्यवाद. पण नकाशाबद्दल थोडं. त्याच समितीकडे सौदी आणि अमिरातीचेही तसेच नकाशे होते. ऊर्जा समितीकडे तेलाचे नकाशे असणारच. कंपन्यांची यादी मात्र बोलकी आहे, कारण त्यात फ्रेंच, रशियन, चिनी होते. निर्बंध उठले असते तर फायदा त्यांचा होता.

डिझेलइंजिन
अमेरिकेचा तेव्हाचा संरक्षण उपमंत्री वुल्फोवित्झ स्वतःच बोलला होता की इराक तेलाच्या समुद्रावर तरंगतोय म्हणून हल्ला केला. आता अजून कुठला पुरावा पाहिजे?

गणिती
ते वाक्य २००३ च्या मे अखेरीस सिंगापूरच्या परिषदेतलं. प्रश्न होता उत्तर कोरियाला आणि इराकला वेगळी वागणूक का. उत्तराचा आशय असा होता की उत्तर कोरियावर आर्थिक दबाव चालतो, इराककडे तेलाचा पैसा असल्याने तो चालत नव्हता. ज्या ब्रिटिश वर्तमानपत्राने ते तोडून छापलं त्यांनी काही दिवसांतच ती बातमी मागे घेतली.

शुभांगी_म
पण त्याच वुल्फोवित्झने मार्च २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं होतं की इराक स्वतःच्या तेलाच्या उत्पन्नातून स्वतःची पुनर्बांधणी लवकरच करू शकेल. ते तर कोणी तोडून छापलेलं नाही ना? दुसऱ्याच्या देशावर बॉम्ब टाकायचे आणि डागडुजीचा खर्च त्याच्याच विहिरीतून काढायचा, हा विचार एवढ्या सहज मांडता येतो याचं मला जास्त वाटतं.

पिंपळपार
आणि ग्रीनस्पॅन? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा इतकी वर्षं अध्यक्ष असलेला माणूस २००७ मध्ये लिहितो की हे युद्ध बऱ्याच अंशी तेलासाठी होतं.

रानवारा
हो, आणि नंतर लगेच मुलाखतीत त्यांनी खुलासा केला की सरकारचा हेतू तेल होता असं मी म्हणत नाही, सद्दामच्या हातून तेलाचा पुरवठा धोक्यात येईल म्हणून त्याला हटवणं मला स्वतःला गरजेचं वाटत होतं. मी धाग्यात हेच म्हणतोय. आखातातलं तेल जिथून बाहेर पडतं त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीवर दुसऱ्या कोणाचा हात नको.

खलाशी
होर्मुझचं नाव निघालं म्हणून लिहितो. मर्चंट नेव्हीत टँकरवर होतो, त्या भागात बऱ्याच फेऱ्या झाल्या. नकाशावर ती सामुद्रधुनी बघून लोकांना कल्पना येत नाही. सगळ्यात अरुंद जागी रुंदी तेहेतीस किलोमीटरच्या आसपास, त्यात जायची वेगळी आणि यायची वेगळी पट्टी, प्रत्येकी जेमतेम तीन किलोमीटर. एका बाजूला इराण स्पष्ट दिसतो. ब्रिजवर कोणी मोठ्याने बोलत नाही तिथून जाताना.

आमच्या आधीच्या पिढीने इराण-इराक युद्धातलं टँकर वॉर बघितलं, १९८४ ते १९८८. इराक इराणची जहाजं मारायचा, इराण कुवेतची. १९८७ मध्ये अमेरिकेने कुवेती टँकरवर स्वतःचा झेंडा लावून त्यांना युद्धनौकांच्या पहाऱ्यात न्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या जुलैत त्यांच्याच युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. हे सगळं २००३ च्या पंधरा वर्षं आधी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टरने तर जानेवारी १९८० मध्येच जाहीर करून टाकलं होतं की आखातावर बाहेरच्या शक्तीने ताबा मिळवायचा प्रयत्न केला तर तो अमेरिकेच्या हितांवर हल्ला मानू आणि लष्करी बळही वापरू. तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर अफगाणिस्तानात शिरलेला रशिया होता.

२००४ मध्ये बसऱ्याच्या समुद्रातल्या तेल टर्मिनलवर स्फोटकांच्या बोटींनी हल्ला झाला, तीन अमेरिकन गेले. त्यानंतर मी तिथे लोडिंगला गेलो तेव्हा टर्मिनलभोवती ठरावीक अंतराच्या आत मासेमारीची होडीसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. बाजूला युद्धनौका उभी. तेल भरून आमचं जहाज गेलं ते आशियात, अमेरिकेत नाही. रानवारा म्हणतात ते मला म्हणून पटतं. तेल कुठे जातं याची त्यांना फिकीर नव्हती, नळ कोणाच्या पहाऱ्यात आहे याची होती.

सांजवेळ
खलाशीकाका, सुंदर प्रतिसाद. यात इंग्रजांना विसरू नका, त्यांनी हा प्रयोग आधीच केलाय. चर्चिल नौदल खात्यात असताना जहाजं कोळशावरून तेलावर आणायचा निर्णय पक्का झाला आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने इराणात तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फौज आखाताच्या टोकाशी फाओला उतरली, पलीकडे अबादानची रिफायनरी वाचवायला. आणि ती फौज कोणाची? हिंदुस्थानी सैनिकांची. तुर्कांनी घातलेल्या कुट-अल-अमाराच्या वेढ्यात आपली माणसं उपाशी राहिली, १९१६ मध्ये शरण जावं लागलं, कैदेत किती मेली. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आम्ही जेते म्हणून नाही, मुक्तिदाते म्हणून आलोय. तीन वर्षांत त्या मुक्त केलेल्या लोकांनी बंड केलं आणि ते विमानातून बॉम्ब टाकून मोडून काढलं. मोसुल तर ऑक्टोबर १९१८ चा युद्धविराम झाल्यानंतर ताब्यात घेतलं. पुढे १९२७ मध्ये किर्कुकजवळ बाबा गुरगुरला तेल उसळलं.

१९५३ मध्ये इराणमध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसादेकना का उलथवलं ते सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

पिंपळपार
सांजवेळताई, कुटवर वेगळा धागा काढाच. आपल्याकडे यावर फार कमी लिहिलं गेलंय.

मृदगंध
सगळे तेलावरच चाललेत म्हणून दुसरी बाजू. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकी सरकारमधल्या लोकांच्या मनात जी भीती बसली ती तुम्ही शून्य धरताय. सद्दामने हलब्जाला १९८८ मध्ये स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर रासायनिक अस्त्रं टाकली होती, हे खोटं नाही. इराकला शस्त्रतपासणीची शेवटची संधी देणारा नोव्हेंबर २००२ चा १४४१ नंबरचा ठराव सुरक्षा परिषदेत एकमताने पास झाला, सीरियानेसुद्धा बाजूने मत दिलं. सद्दामने इराणला धाक राहावा म्हणून आपल्याकडे काहीतरी आहे असा संशय मुद्दाम जिवंत ठेवला, हे नंतर त्याच्या चौकशीतून आलं. घाबरलेलं सरकार वाईट निर्णय घेतं. प्रत्येक वाईट निर्णयामागे कंपनीचा मालक शोधायची गरज नाही.

शुभांगी_म
मृदगंध, भीती होती हे मी मानते. पण भीती वाटणारा माणूस तपासणी करू देतो की थांबवतो? संयुक्त राष्ट्रांच्या हान्स ब्लिक्स यांचे शस्त्रनिरीक्षक नोव्हेंबर २००२ पासून इराकमध्ये होते, शेकडो ठिकाणं पाहिली, बंदी असलेल्या अस्त्रांचा साठा सापडला नाही, अजून काही महिने द्या म्हणाले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल-बरादेई यांनी मार्च २००३ मध्ये सुरक्षा परिषदेत सांगितलं की नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं बनावट आहेत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी ५ फेब्रुवारीला ज्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रं दाखवली ती ज्या एका इराकी निर्वासिताच्या सांगण्यावरून, त्याने पुढे स्वतः कबूल केलं की मी खोटं बोललो. आणि ब्रिटनची जुलै २००२ ची अंतर्गत टिपणं तर छापून आलीत, त्यात लिहिलंय की माहिती धोरणाला जुळवून घेतली जातेय. त्याच महिन्यात ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअरने बुशना लिहिलं की काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत आहे. ब्रिटनच्या युद्धचौकशीच्या चिलकॉट अहवालात २०१६ मध्ये आलं ते. ठराव नोव्हेंबरचा, पत्र जुलैचं.

मृदगंध
पत्र जुलैचं म्हणजे हेतू तेलच, हे कसं सिद्ध झालं? पुढे बुश सरकारात गेलेल्या रम्सफेल्ड, वुल्फोवित्झ वगैरे मंडळींनी सद्दामला हटवा असं पत्र जानेवारी १९९८ मध्येच क्लिंटनना लिहिलं होतं. एकदा जबरदस्तीने एक देश बदलून दाखवला की सगळा भाग बदलेल असं त्यांना मनापासून वाटायचं. चूक असेल, पण ती कल्पना होती, व्यवहार नव्हता.

बोरूबहाद्दर
त्या पत्रात तेलाचाही उल्लेख आहे, मृदगंध. जगातल्या तेलसाठ्याचा मोठा भाग धोक्यात येईल असं लिहिलंय. वाचा पुन्हा.

वाळवंट
सगळे २००३ वर भांडताय. मी १९९० मध्ये कुवेतला नोकरीला होतो, सालमियात राहायचो. तेलासाठी युद्ध म्हणजे काय ते बघायचं असेल तर २ ऑगस्ट १९९० बघा, आणि ते अमेरिकेने केलं नव्हतं.

सद्दाम इराणशी आठ वर्षं लढून कर्जात बुडाला होता, कुवेत आणि सौदीचे अब्जावधी डॉलर डोक्यावर. कुवेत ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल काढत होता आणि भाव उतरत होते, त्यात इराकचं दिवाळं निघत होतं. सीमेवरच्या रुमैला क्षेत्रातून कुवेत तिरपं ड्रिलिंग करून आमचं तेल चोरतो, असाही आरोप होता. जुलैभर हेच चाललं होतं, आणि तिथल्या कोणालाही वाटलं नाही की खरंच रणगाडे येतील. मग एका पहाटे आले. बँका बंद, पगार नाही, कुवेती दिनार एका घोषणेत कागद झाला. दुकानं लुटून माल ट्रकने बगदादला जाताना आम्ही खिडकीतून बघितला. पुढे इराकमधून बसने जॉर्डनच्या सीमेवर, तिथे तंबूत, पाण्यासाठी रांगा, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. लाखाहून जास्त भारतीय असे बाहेर काढले. १९९१ मध्ये कुवेत सोडून जाताना सद्दामच्या फौजेने सहाशेहून जास्त विहिरी पेटवल्या, शेवटची विझायला नोव्हेंबर १९९१ उजाडला.

मला कोणी सांगितलं की सद्दाम बिचारा होता तर माझं डोकं फिरतं. आणि २००३ मध्ये इराकी माणसांवर जे लादलं गेलं ते बघूनही डोकं फिरतं. जॉर्डनच्या रस्त्यावर आम्हाला पाणी आणि खुबूस (तिथली रोटी) देणारी माणसं इराकीच होती.

डिझेलइंजिन
वाळवंटकाका, यावर सविस्तर लिहा ना कधीतरी. खूप लोकांना वाचायचं असेल.

ड्रिलिंगवाला
उशिरा आलो धाग्यावर. लिलावांनंतर बसऱ्याकडे कामाला होतो, रुमैला आणि आसपास. रुमैलाच्या रस्त्याने रात्री गेलात तर गाडीचे दिवे लावायची गरज नाही एवढे फ्लेअर जळत असतात. तेलासोबत निघणारा गॅस पकडायची सोय अपुरी, म्हणून जाळतात. आणि तोच देश वीज तयार करायला इराणकडून गॅस विकत घेतो. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला आणि गावात वीज नाही. फ्लेअरजवळच्या वस्त्यांतली माणसं आम्हाला विचारायची, आमच्या पोरांना नोकरी का नाही, पोरांचा खोकला का जात नाही. उत्तर नसायचं. २०१८ मध्ये बसऱ्याच्या नळाला खारं, घाण पाणी आलं, हजारो लोक आजारी पडले आणि शहर रस्त्यावर उतरलं. सरकारी कचेऱ्या पेटवल्या, इराणी वकिलातही पेटवली.

गणितींचा हिशोब कागदावर बरोबर आहे, पैसा इराकच्या तिजोरीत गेला. तिजोरीतून पुढे बसऱ्याला किती आला ते मात्र तिथल्या माणसाला विचारा. २००३ नंतर जी व्यवस्था बसवली, पक्षांमध्ये मंत्रालयं वाटून घ्यायची, तेल मंत्रालय एका गटाचं, वीज दुसऱ्याचं, त्यात पैसा जिरतो. ती व्यवस्था इराकी लोकांनी मागितली नव्हती.

रानवारा
ड्रिलिंगवाला आणि वाळवंट, तुमच्या प्रतिसादांसाठीच धागा काढला होता असं समजा.

माझं मत अजून तेच, पण आता जास्त नेमकं मांडतो. १९९० मध्ये सद्दामला तेलाचा पैसा हवा होता, ते सरळ तेलासाठीचं युद्ध. २००३ मध्ये बुश सरकारला असा इराक हवा होता जो तेलाच्या जोरावर परत कधी डोकं वर काढणार नाही आणि शक्य झालं तर आपल्या बाजूने उभा राहील. मृदगंध म्हणतात ती भीती आणि ती कल्पना, दोन्ही खऱ्या होत्या, पण त्या बाकी कुठे न जाता इराकवरच येऊन थांबल्या याचं कारण जमिनीखाली होतं. शस्त्रांचं कारण लोकांना सांगण्यापुरतं निवडलं गेलं, वुल्फोवित्झने मे २००३ मध्येच मुलाखतीत सांगितलंय की सगळ्यांचं एकमत होईल असं कारण म्हणून ते पुढे केलं.

बोरूबहाद्दर, ड्रिलिंगवाला, २००७ च्या त्या कायद्याचं पुढे काय झालं?

ड्रिलिंगवाला
मी तिथे होतो तोवर तरी झाला नव्हता, आणि नंतरही वर्षानुवर्षं रखडलेलाच आहे. २००५ च्या राज्यघटनेत तेल आणि गॅस सगळ्या इराकी जनतेच्या मालकीचे असं लिहिलंय, पण बगदाद आणि कुर्दिस्तान यांच्यात वाटा कसा, करार कोण करणार, यावर घोडं अडलं. कुर्दांनी २००७ मध्ये स्वतःचा कायदा केला, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये बगदादच्या कोर्टाने रद्द ठरवला. आणि गणितींच्या यादीत एक दुरुस्ती करून घ्या, एक्सॉन वेस्ट कुर्ना-१ मधूनही बाहेर पडली. जानेवारी २०२४ पासून तिथे पेट्रोचायना मुख्य आहे.

बोरूबहाद्दर
म्हणजे कंपनी गेली आणि नौदल आखातात राहिलं. ताब्याबद्दलचा तुमचा मुद्दा एवढ्यापुरता मान्य, रानवारा. हेतूबद्दल अजूनही असहमत.